व्यामिश्रतेचे माप आणि दंडारीचे धृपद

मराठी समीक्षेत ‘व्यामिश्र’ हे विशेषण गेली कित्येक दशके प्रशस्तिपत्रासारखे वापरले गेले आहे. अनुभव व्यामिश्र असेल तर कलाकृती श्रेष्ठ, एकेरी असेल तर दुय्यम, हा निवाडा अंगवळणी पडला. पण व्यामिश्रता ही कलाकृतीत वसणारी, मोजता येण्याजोगी गोष्ट आहे की वर्णन करणाऱ्या भाषेने तिला दिलेले रूप आहे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. नागर साहित्याच्या चर्चेत ही उणीव खपून जाते, कारण तेथे लेखक, वाचक आणि समीक्षक यांची वर्णनभाषा बहुधा एकच असते. गोंदिया जिल्ह्यातील दंडारीकडे वळताच ती उघडी पडते.

दंडार हा झाडीपट्टीचा, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या आणि तलावांच्या मुलखाचा लोकनाट्यप्रकार. (गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, दंडारीला ही सीमा अर्थातच ठाऊक नाही.) दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तेव्हा गाणे, नाच, सोंग आणि बोलीतले संवाद घेऊन ती उभी राहते. परंपरेने स्त्रीपात्रेही पुरुषच करीत आले. ती कागदावर उतरविली तर हाती काय लागते? काही गाणी, कथेचा एक बारीक धागा आणि पुन्हा पुन्हा परतणारे धृपद. ही संहिता वाचून ‘सरळ’, ‘ढोबळ’ असा शेरा मारणे अवघड नाही. तो शेरा खोटाही नाही. तो कशाविषयी आहे, एवढेच त्यात सांगितलेले नसते.

मुद्रित पानावर धृपद एकदा पूर्ण छापतात आणि पुढे नुसते ‘धृ.’ लिहितात. या एका अक्षराकडे समीक्षेने थांबून पाहायला हवे होते. परत आलेली ओळ म्हणजे तीच ओळ, तिच्यात नवे काही नाही, असा निर्णय त्या अक्षराने आधीच घेऊन टाकलेला असतो. प्रयोगात मात्र पहिल्या आणि पाचव्या आवर्तनात लय चढलेली असते, झील धरणारे बदललेले असतात, मधल्या सोंगाने त्याच शब्दांना वेगळा रोख आलेला असतो. संक्षेपाच्या चिन्हाने जे गिळले, ते नंतर मोजमापात सापडणार कसे?

अशी मोजमापे झाली नाहीत असे नाही. अमेरिकन गणिती जॉर्ज बर्कहॉफ याने १९३३ मध्ये ‘एस्थेटिक मेझर’ या ग्रंथात सौंदर्याचे माप म्हणजे सुसंगतीला व्यामिश्रतेने भागून येणारी संख्या, असे सूत्र मांडले. कवितेची व्यामिश्रता त्याने मूलध्वनी आणि शब्दांचे सांधे मोजून ठरविली. गंमत अशी, की या सूत्रात व्यामिश्रता वाढली की सौंदर्य घटते. आपल्याकडील निवाड्याच्या हे नेमके उलट आहे.

अधिक खोल विचार कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाचा. एखाद्या चिन्हमालेचे जे सर्वांत आखूड वर्णन शक्य आहे, त्याची लांबी म्हणजे तिची व्यामिश्रता, असे त्याने १९६५ मध्ये मांडले. ही लांबी वर्णनभाषेवर अवलंबून असते. मात्र दोन भाषांमधील फरक एका ठरावीक रकमेपलीकडे जात नाही, मग माला कितीही लांब असो. वस्तुनिष्ठतेचा पक्ष या सिद्धांताचा आधार घेऊ शकतो. पण त्याचा दिलासा अतिशय लांब मालांपुरता आहे. एका रात्रीचा प्रयोग मर्यादित असतो, आणि तेथे ती ‘ठरावीक रक्कम’च मूळ मालापेक्षा मोठी ठरू शकते. शिवाय या मापाने निव्वळ यदृच्छेने जुळविलेली अक्षरे सर्वांत व्यामिश्र ठरतात; त्यांना श्रेष्ठ काव्य कोणी म्हणणार नाही.

बोलीचे उदाहरण आणखी बोलके आहे. झाडीबोलीत ‘ण’, ‘ळ’ यांसारखी व्यंजने नाहीत, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. हरिश्चंद्र बोरकर यांचे बोली आणि दंडार या दोन्हींवरील काम या संदर्भात महत्त्वाचे. व्यंजनांची संख्या कमी, म्हणून बोली सोपी, असे प्रमाणभाषेचा अभिमानी म्हणेल. पण ‘मण’ आणि ‘मन’ यांचा उच्चार एकच झाला, की कोणता अर्थ हे ऐकणाऱ्याला संदर्भावरून ठरवावे लागते. बोलणाऱ्याच्या हिशेबात जे वजा झाले, ते ऐकणाऱ्याच्या हिशेबात जमा होते. एकूण ओझे कमी झाले की नाही, हे कोणाची वही उघडली यावर ठरते.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली, तेव्हा कलाकृतीची रचना तिच्या घटकांमधील संबंधांत शोधण्याचा मार्ग मोकळा केला. त्यांचे हे ऋण मोठेच आहे. परंतु घटक कोणते धरायचे, हा निर्णय संबंध मोजण्याच्या आधीचा असतो. दंडारीत घटक शब्द धरले तर विरोध क्षीण दिसतो. आवर्तन, पावले, सोंग आणि प्रेक्षकांतून येणारा प्रतिसाद हे घटक धरले, तर चित्र पालटते. ओळखीचाच शेजारी राणी होऊन समोर येतो, तेव्हा सोंग आणि माणूस यांतला विरोध गावाला क्षणोक्षणी जाणवतो. बाहेरच्याला तो दाखवायचा तर आधी गावच समजावून सांगावे लागेल. कोल्मोगोरोव्हच्या परिभाषेतली ती ठरावीक रक्कम येथे म्हणजे हे गाव, आणि ती लहान नाही.

लोककलेचे कैवारी याच जागी दुसरी चूक करतात. दंडार ‘कोणत्याही नाटकाइतकीच व्यामिश्र’ आहे असे ते म्हणतात, तेव्हा तेही आपली वर्णनभाषा जाहीर करीत नाहीत; विशेषण तेवढे एका पारड्यातून दुसऱ्या पारड्यात जाते. वर्णनसापेक्ष म्हणजे मनमानी नव्हे. घटक कोणते, आवर्तन नवे मानायचे की नाही, ऐकणारा कोण, हे एकदा ठरविले की पुढचा हिशेब बंधनकारक होतो. त्या हिशेबात काही दंडारी तोकड्याही ठरतील: ज्यांचे पाचवे आवर्तन खरोखरच पहिल्यासारखे असते, आणि ज्यांना ‘धृ.’ हे अक्षर पुरेसे आहे.