काचेच्या कपाटातली सुरी

होर्हे लुईस बोर्हेस यांच्या ‘एल एन्कुएन्त्रो’ (भेट) या कथेत जुन्या सुऱ्यांचा संग्रह असलेलं एक कपाट आहे. साल १९१०. पत्त्यांच्या डावावरून दोन तरुण भांडतात, यजमानाच्या कपाटातून एकेक सुरी उचलतात आणि सराईतासारखे लढतात. एक मरतो. पुष्कळ वर्षांनी निवेदकाला कळतं, की त्या सुऱ्यांचे मूळ मालक हाडवैरी होते; जन्मभर शोधूनही त्यांची गाठ पडली नव्हती. भेट झाली ती सुऱ्यांची.

या कथेचा अनुवाद करताना मी अडले ती ‘फाकोन’ या शब्दापाशी. पम्पाच्या मैदानातला गाउचो हे लांब पात्याचं, मुठीशी आडवी दांडी असलेलं हत्यार कमरेला मागच्या बाजूस खोचत असे. लढताना डाव्या हातावर पोंचो गुंडाळायचा, तीच ढाल. ‘कट्यार’ म्हणावं तर मूठच वेगळी. ‘खंजीर’ म्हणावं तर नाटकी.

आज संग्राहक या सुऱ्यांना ‘वारसा’ म्हणतात. पण चांदीची मूठ स्थानिक सोनाराची असली, तरी पातं अनेकदा जर्मनीतल्या झोलिंगेनचं किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचं असतं. कधी मोडक्या तलवारीचं. कथेतल्या एका पात्यावर छोटं झाड कोरलेलं आहे. संग्राहकाला लगेच झोलिंगेनच्या ब्योकरची ‘आर्बोलीतो’ ही खूण आठवते. मग यात अर्जेंटिनाचं काय? ते पातं वापरून झिजवणारा हात.

तो हात सन्मानाने वागवला गेला नव्हता. होसे एर्नांदेस यांच्या ‘मार्तीन फिएर्रो’चा (१८७२) नायक सक्तीने सरहद्दीवर धाडला जातो आणि फरारी होतो. १९१३ मध्ये लेओपोल्दो लुगोनेस यांनी व्याख्यानांतून याच काव्याला राष्ट्रीय महाकाव्याच्या आसनावर बसवलं. तोवर मोकळ्या मैदानाला तारेचं कुंपण पडलं होतं. माणूस गेला आणि त्याचं हत्यार मोलाचं झालं.

बोर्हेस हे सगळं जाणतात, म्हणूनच त्यांचं कपाट निरुपद्रवी नाही. तरी माझी एक तक्रार आहे. त्यांच्या सुऱ्या फक्त माणसं मारतात. प्रत्यक्षात गाउचोच्या सुरीचे बहुतेक दिवस गुरं सोलण्यात, चामड्याच्या वाद्या कापण्यात आणि निखाऱ्यांवर भाजलेलं मांस तोडण्यात जात. हे कष्टाचं जग रिकार्दो गुइराल्देस यांच्या ‘दोन सेगुन्दो सोम्ब्रा’ (१९२६) या कादंबरीत भेटतं. बोर्हेसच्या कथेतून ते गळून पडतं, संग्राहकाच्या मखमलीवरून गळून पडतं तसंच. दोघांनाही द्वंद्व हवं आहे, मजुरी नको आहे.

अखेर मी पहिल्यांदा ‘फाकोन’ तसाच ठेवला आणि पुढे सरळ ‘सुरी’ म्हटलं. आपल्याकडे सुरी कांदा चिरते आणि गळ्यावरही ठेवली जाते. शब्दाला थोडी कमी धार आहे, कबूल. पण त्यात राबणाऱ्या हाताला जागा उरते.