इंग्रजीचे जागतिकत्व : डेव्हिड क्रिस्टल यांच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजी ही जागतिक भाषा आहे, हे विधान आपल्या शैक्षणिक व्यवहारात इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. या विधानाला अभ्यासाची बैठक देणाऱ्या ग्रंथांत ब्रिटिश भाषावैज्ञानिक डेव्हिड क्रिस्टल यांच्या ‘इंग्लिश ॲज अ ग्लोबल लँग्वेज’ (१९९७; दुसरी आवृत्ती २००३) या पुस्तकाचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात या पुस्तकातील जागतिक भाषेची व्याख्या आणि भाषिक विषमतेवर त्यात सुचविलेला उपाय, या दोन मुद्द्यांचा विचार केला आहे.

व्याख्येचे एकक

क्रिस्टल यांच्या मते, ज्या भाषेला प्रत्येक देशात मान्यता पावलेले विशेष स्थान लाभते, ती जागतिक भाषा होय. हे स्थान शासनव्यवहाराची भाषा म्हणून मिळू शकते किंवा परभाषा म्हणून शिक्षणात अग्रक्रम लाभल्याने मिळू शकते. एखादी भाषा जागतिक होते ती व्याकरणाच्या सोपेपणामुळे किंवा वाङ्मयीन थोरवीमुळे नव्हे, तर ती बोलणाऱ्यांच्या राजकीय, लष्करी आणि आर्थिक सामर्थ्यामुळे, असेही ते स्पष्टपणे मांडतात. हे प्रतिपादन मोलाचे आहे. इंग्रजीविषयीच्या भाबड्या भक्तिभावाला त्यात थारा नाही.

तथापि, या व्याख्येचे एकक ‘देश’ हे आहे, ‘माणूस’ हे नाही. भारताचे उदाहरण घेतले म्हणजे या भेदाचे महत्त्व लक्षात येते. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि केंद्राच्या कारभारात हिंदीबरोबर इंग्रजीचा वापर होतो. म्हणजे क्रिस्टल यांच्या कसोटीला भारत पूर्णपणे उतरतो. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार इंग्रजी मातृभाषा असणारे सुमारे २.६ लाख, ती दुसरी भाषा असणारे सुमारे ८.३ कोटी आणि तिसरी भाषा असणारे सुमारे ४.६ कोटी होते. १२१ कोटींच्या लोकसंख्येत हे प्रमाण शेकडा दहाच्या थोडे वर जाते. देश मोजला तर भारत इंग्रजीच्या आत येतो. माणसे मोजली तर दहांतील जवळजवळ नऊजण बाहेर राहतात. ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या तीन वर्तुळांच्या सिद्धान्तालाही हीच मर्यादा आहे. भारत त्यांच्या बाह्य वर्तुळात येतो. पण त्या वर्तुळात भारतातील नेमके कोण येते, हे सिद्धान्त सांगत नाही.

स्वतः क्रिस्टल यांचा अंदाज असा, की जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना इंग्रजी बऱ्यापैकी अवगत आहे. अन्य कोणत्याही भाषेचा प्रसार इतका नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु ‘सर्वाधिक पसरलेली भाषा’ आणि ‘जगाची भाषा’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याच्या आधारे दुसरे सिद्ध होत नाही.

उपायाच्या अटी

जागतिक भाषेमुळे ती न येणाऱ्यांवर अन्याय होईल, हा धोका क्रिस्टल नाकारत नाहीत. त्यावर त्यांचे उत्तर असे, की ही भाषा शालेय शिक्षणाच्या आरंभापासून, सातत्याने आणि पुरेशा साधनांनिशी शिकविली, तर खरी द्विभाषिकता साधते आणि विषमता पुष्कळ कमी होते. महाराष्ट्र शासनाने २००० पासून मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. क्रिस्टल यांची पहिली अट येथे पूर्ण झाली. ग्रामीण भारतातील मुलांविषयीच्या ‘असर’ अहवालाचे (२०२२) देशपातळीवरील निष्कर्ष मात्र वेगळे चित्र दाखवितात. पाचवीतील जेमतेम एक चतुर्थांश मुलांना इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली. आठवीतही हे प्रमाण निम्म्याहून कमी होते. लवकर आरंभ करणे हे शासननिर्णयाने साधते; पुरेशी साधने आणि स्वतः इंग्रजीत वावरणारा शिक्षक शासननिर्णयाने निर्माण होत नाही. ज्या अटीवर हा संपूर्ण उपाय उभा आहे, तिची किंमत कोणी मोजावयाची, याचे उत्तर क्रिस्टल यांच्या मांडणीत मिळत नाही.

समारोप

रॉबर्ट फिलिप्सन यांनी ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम’ (१९९२) या ग्रंथात इंग्रजीच्या प्रसारामागील धोरणांवर बोट ठेवले. प्रस्तुत आक्षेपाचा रोख इंग्रजीच्या प्रसारावर नसून ‘जागतिक’ या विशेषणावर आहे. इंग्रजी सर्व देशांतील काही लोकांची भाषा आहे. तिला सर्वांची मानले, की ती न येणे हा व्यवस्थेचा दोष न राहता विद्यार्थ्याचा दोष ठरतो. आपल्याकडे कला शाखेतील कितीतरी विद्यार्थी मराठीतून उत्तरपत्रिका लिहितात. त्यांना दिलेल्या संदर्भग्रंथांच्या यादीत मात्र बहुसंख्य ग्रंथ इंग्रजी असतात. ही यादी अभ्यासमंडळांतून आणि वर्गांतून आपणच तयार करतो. इंग्रजीच्या जागतिकत्वाची फेरतपासणी तेथून सुरू करणे आपल्याला शक्य आहे.