परोक्षाची थट्टा : परदेशातील कसोटी सामना, श्रोत्यांचा संवाद आणि जल्पाची संकल्पना

१.

क्रिकेटविषयक मराठी लेखनाची परंपरा समृद्ध आहे. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठी धावत्या वर्णनाची भाषा घडविली, वि. वि. करमरकर यांनी वृत्तपत्रात क्रीडासमीक्षेला स्वतंत्र स्थान मिळवून दिले. शिरीष कणेकर व द्वारकानाथ संझगिरी यांनी या खेळाला ललित गद्याचा विषय केले. या लेखनाचा कर्ता ज्ञात आहे आणि संहिताही उपलब्ध आहे. त्यामुळे वाङ्मयविचाराला त्याची दखल घेणे सोपे जाते. परंतु याच लेखनाच्या भोवती, रेडिओ अथवा दूरचित्रवाणी संच मध्ये ठेवून चारपाच माणसे जे बोलत असतात, म्हणजे टोमणे, शेरे, पैजा, भाकिते, एकमेकांच्या जुन्या चुकांची आठवण, ते सारे ‘गोंगाट’ या सदरात जमा होते. त्याला कर्ता नाही व संहिता नाही, हे त्याचे कारण सांगता येईल; पण ते टिकणारे नाही. ओवी, उखाणा आणि म्हण यांनाही ज्ञात कर्ता नसतो, आणि तरीही लोकवाङ्मयाच्या अभ्यासाने त्यांना वाङ्मयप्रकार म्हणून मान्यता दिली आहे.

परदेशातील कसोटी सामन्याचा मागोवा घेताना श्रोत्यांमध्ये होणारा विनोदी वाद हा स्वतंत्र मौखिक प्रकार आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. त्याचे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे थट्टेच्या विषयाचे परोक्षत्व. ज्याची थट्टा चालली आहे तो हजारो मैल दूर असतो. त्याच्या कानी एकही शब्द पडणार नसतो. म्हणून थट्टेचा विषय खेळाडू असला, तरी तिचा खरा श्रोता शेजारी बसलेला माणूस असतो. हे अंतर नाहीसे झाले की तेच शब्द निराळ्या जातीचे होतात.

२.

या विवेचनासाठी काशीतील दूधविनायक हे स्थळ विशेष उपयुक्त आहे. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि दूधविनायक या परिसरातील गल्ल्यांत मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यानुपिढ्यांची आहे. वेदशास्त्राध्ययन, तीर्थक्षेत्रातील पौरोहित्य आणि पेशवाईच्या काळातील राजाश्रय ही या स्थलांतरामागील परिचित कारणे होत. घरात मराठी, गल्लीत बनारसी बोली, व्यवहारात हिंदी आणि अध्ययनात संस्कृत असा चतुर्भाषिक संसार येथे सहज चालत आला आहे.

अशा वस्तीत दोन संवादपरंपरा एकत्र येतात. एक शास्त्रार्थाची, जिचे नियम न्यायदर्शनाने बांधून दिले आहेत. दुसरी बनारसच्या ‘अड़ी’ची. चहाच्या दुकानावर रोज ठरावीक माणसांनी जमून जगातील प्रत्येक गोष्टीवर निकाल द्यावयाचा, ही ती परंपरा होय. शहराच्या दक्षिण टोकाच्या अस्सीवरील अशा अड़ीला काशीनाथ सिंह यांनी ‘काशी का अस्सी’ या कृतीत हिंदी कथनगद्याचा विषय केले. मराठीतील ‘कट्टा’ हा तिचा जवळचा नातेवाईक. मात्र दोहोंच्या संबोधनरीतीत भेद आहे. बनारसी माणूस समोरच्याला ‘गुरु’ म्हणून आधी उंच आसनावर बसवितो आणि मग खाली ओढतो. मराठी माणूस ‘साहेब’, ‘राव’, ‘शहाणे’ अशा आदरवाचकांनाच उपरोधाची धार लावतो. पहिल्या रीतीत आदर व प्रहार एकामागून एक येतात. दुसरीत ते एकाच शब्दात नांदतात.

शास्त्रार्थ आणि क्रिकेट यांना एकत्र आणणे ओढूनताणून केल्यासारखे वाटू नये. संस्कृत पाठशाळांतील बटूंनी धोतर नेसून खेळावयाचे आणि त्याचे समालोचन संस्कृतात करावयाचे, असे क्रिकेट सामने वाराणसीत भरविले गेले आहेत.

३.

न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. वाद तत्त्वनिर्णयासाठी असतो. जल्प जिंकण्यासाठी असतो. त्यात छल, जाती व निग्रहस्थाने यांचा अवलंब मान्य आहे. वितंडेत दुसऱ्याचा पक्ष खोडावयाचा असतो, परंतु स्वतःचा पक्ष मांडावयाचा नसतो. मराठीने यांपैकी ‘वितंडवाद’ हा शब्द निंदाव्यंजक अर्थाने रोजच्या बोलण्यात घेतला, आणि ‘जल्पणे’ या क्रियापदाला बडबडीची छटा दिली. शास्त्रातील काटेकोर भेद बोलीत असा पुसला गेला असला, तरी कट्ट्यावरील वर्तनात तो शिल्लक राहिलेला दिसतो.

क्रिकेटश्रोत्यांचा संवाद प्राधान्याने जल्प आहे. प्रत्येकाचा पक्ष जाहीर असतो : एकाचा फलंदाज, दुसऱ्याचा गोलंदाज, तिसऱ्याचा संघाबाहेर राहिलेला खेळाडू. शब्दाचा दुसराच अर्थ घेऊन प्रतिपक्ष्याला कोंडीत पकडणे म्हणजे वाक्छल. ‘नवकंबल’ या शब्दातून ‘नवे कांबळे’ आणि ‘नऊ कांबळी’ असे दोन अर्थ काढणे हे त्याचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण आहे. मराठी कट्ट्यावर हेच काम ‘कोटी’ करते. न्यायात संशयाच्या दोन बाजूंनाही कोटी म्हणतात, हे येथे लक्षणीय आहे. एक शब्द दोन अर्थांमध्ये लोंबकळत ठेवणे, ही दोन्ही ठिकाणची समान क्रिया होय.

प्रत्येक गटात एक वैतंडिकही असतो. आपण हरणार, एवढेच त्याचे म्हणणे. कोणाला खेळवावे, काय करावे, हे तो सांगत नाही. त्याची उपस्थिती इतरांना त्रासदायक वाटते, पण त्याच्यावाचून खेळ रंगत नाही. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड येथे भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला, तेव्हा हाती पुरावा असलेला हा एकटाच होता. १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेन येथे, जेथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरलेला नव्हता, अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखालील संघाने ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठले. येथे वैतंडिकाला निरुत्तर करणारे कोणतेही वाक्य नव्हते. निर्णय मैदानावर झाला होता. शास्त्रार्थात निग्रहस्थान दाखवून देणारे मध्यस्थ असतात. येथे मध्यस्थाचे काम पुढचा चेंडू करतो. या प्रकाराची रचना त्यामुळे मूलतः खंडित असते. बोलणारा आपले वाक्य दोन चेंडूंच्या मधल्या अवकाशात बसवितो, आणि पुढच्या क्षणी ते खोटे ठरण्याचा धोका पत्करतो.

४.

परदेशातील सामन्याचे धावते वर्णन मराठी श्रोत्यापर्यंत सहसा इंग्रजीतून वा हिंदीतून आले आहे. ऐकणे एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत, हा अनुवादव्यवहार या प्रकाराच्या मुळाशीच आहे. दूधविनायकासारख्या वस्तीत तो अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे हिंदी व मराठी असे दोन घडीव शब्दसंच शेजारी शेजारी उभे असतात.

हिंदीने चेंडूवाचक ‘गेंद’पासून ‘गेंदबाज़’ घडविला. मराठीने तोफखान्यातील ‘गोलंदाज’ उचलला आणि त्याच्या धर्तीवर फळीवरून ‘फलंदाज’ बनविला. ‘पायचीत’ व ‘यष्टिचीत’ यांतील ‘चीत’ आखाड्यातून आले. तीन यष्ट्या उडाल्या की ‘त्रिफळा’ उडतो. यात वैद्याच्या चूर्णाची आठवण आहे. एकही धाव न काढणाऱ्याच्या हाती ‘भोपळा’ येतो. फौज, आखाडा, औषधी आणि परसातला वेल या चार क्षेत्रांतून आलेले हे शब्द मुळातच रूपके आहेत, आणि थट्टा करणाऱ्याला ती आयती मिळतात. ‘पगबाधा’ या हिंदी संज्ञेत नियमाचा अर्थ नेमका उतरला आहे; ‘पायचीत’मध्ये माणूस आडवा पडलेला दिसतो.

सर्वांत अर्थपूर्ण शब्द ‘कसोटी’ हा होय. सोने घासून पाहण्याचा दगड हा त्याचा मूळ अर्थ. समीक्षेतील ‘निकष’ या शब्दाचाही मूळ अर्थ तोच. मराठी श्रोता पाच दिवसांच्या खेळाला ज्या नावाने ओळखतो, त्याच दगडाच्या नावाने मराठी समीक्षक साहित्यकृती पारखतो. कट्ट्यावरचा माणूस स्वतःला परीक्षक समजतो, याचे बीज भाषेतच आहे.

५.

२४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हल येथे अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडवर चार गडी राखून विजय मिळविला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतल्यामुळे इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला होता. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि भारतीय समर्थकांनी चेसिंग्टन प्राणिसंग्रहालयातील बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. त्या काळी दिल्लीखेरीज भारतात कोठेही दूरचित्रवाणी नव्हती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. बहुतेकांना तो सामना कानांनीच पाहावा लागला. अशा वेळी श्रोत्यांचा संवाद दुहेरी काम करतो. तो न दिसणारे मैदान उभे करतो, आणि त्याच वेळी त्यावर भाष्यही करतो. चतुर्थीला आलेल्या हत्तीचा अर्थ मराठी घरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. संदर्भाचे हे समाईक भांडवल थट्टेला आवश्यक असते.

तीनच वर्षांनी, २४ जून १९७४ रोजी, लॉर्ड्स येथे भारताचा डाव ४२ धावांत कोसळला. त्या दौऱ्यातील तिन्ही सामने गमावल्यावर वाडेकर यांच्या घरावर दगडफेक झाली. मराठीभाषकांचे महाराष्ट्राबाहेरील जुने केंद्र असलेल्या इंदुरात १९७१च्या विजयाप्रीत्यर्थ उभारलेली भव्य बॅट विद्रूप करण्यात आली. येथे परोक्ष प्रत्यक्ष झाले. लॉर्ड्सवरील फलंदाज शब्दांच्या टप्प्याबाहेर होता, परंतु त्याचे घर दगडाच्या टप्प्यात होते. दगड हे थट्टेचे तीव्र रूप मानता येणार नाही. प्रतिपक्ष्याने उत्तर द्यावे ही जल्पाची अट आहे, आणि दगडाला उत्तर नसते.

६.

पुढचा चेंडू ज्याचा निवाडा करू शकत नाही, असा वाद मात्र अखंड चालतो. २९ मार्च २००४ रोजी मुलतान येथे पाच बाद ६७५ धावांवर राहुल द्रविड यांनी डाव घोषित केला, तेव्हा सचिन तेंडुलकर १९४ धावांवर नाबाद होते. वीरेंद्र सेहवाग यांनी ३०९ धावा केल्या होत्या, आणि भारताने तो सामना एका डावाने जिंकला. विजयामुळे निर्णयाचे समर्थन झाले असे एक पक्ष म्हणतो. सहा धावांनी विजय हुकला नसता असे दुसरा म्हणतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. संशयाच्या दोन्ही कोटी शाबूत राहिल्यामुळे हा वाद संपत नाही.

मराठी श्रोत्यासाठी यात आणखी एक पेच होता. एक मराठीचे प्राध्यापक व कवी रमेश तेंडुलकर यांचा मुंबईकर मुलगा. दुसरा इंदुरात जन्मलेला, बंगळुरात वाढलेला, मराठीभाषक कुटुंबातील. ‘आपला कोण’ हा प्रश्न येथे भाषेने सुटत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्या काढलेल्या वस्तीला तर द्रविड यांच्या बाजूने बोलण्याचे वेगळे कारण सापडते : मराठी असणे म्हणजे मुंबईकर असणे नव्हे. सहा धावांच्या थट्टेत प्रादेशिक अस्मितेचा प्रश्न असा अलगद शिरतो.

७.

परोक्षत्व संपल्यावर काय होते, याची सर्वांत कठोर उदाहरणे प्रेक्षागृहातील आहेत. ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदरा व मुंबई येथे प्रेक्षकांच्या एका गटाने अँड्र्यू सायमंड्स यांना उद्देशून माकडाचे आवाज व हावभाव केले. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी येथे भारतीय खेळाडूंनी प्रेक्षकांकडून वांशिक शिवीगाळ झाल्याची तक्रार केली. ‘गंमत होती’ हा बचाव अशा वेळी हमखास पुढे येतो. प्रस्तुत विवेचनाच्या आधारे तो फेटाळता येतो. गंमतीचा श्रोता शेजारी असतो आणि त्याला उलट उत्तराचा अधिकार असतो; येथे श्रोता एकटा होता, आणि शब्द त्याच्या वर्णावर रोखलेले होते.

जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीचा वाद याहून सूक्ष्म आहे. हरभजनसिंग यांनी सायमंड्स यांना वांशिक शब्द वापरला, या आरोपावरून तीन सामन्यांची बंदी आली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वांशिकतेचा आरोप सिद्ध न झाल्याचे सांगून केवळ शिवीगाळीबद्दल दंड केला. उच्चारलेला शब्द इंग्रजी होता की तसाच ऐकू येणारा हिंदी, यावर बरेच काही अवलंबून होते. एकाच ध्वनीचे दोन भाषांत दोन अर्थ झाले. हे वाक्छल कोणी योजलेले नव्हते, आणि दोन्ही भाषा जाणणारा मध्यस्थ मैदानावर नव्हता.

८.

दोन भाषा जाणणारा असा मध्यस्थ दूधविनायकासारख्या वस्तीत घरोघरी असतो. वर्णन हिंदीत ऐकून मराठीत टोमणा मारणारा, आणि तोच टोमणा गल्लीत बनारसी करून सांगणारा माणूस, कोणता शब्द कोठे खपेल याचा विवेक रोज वापरत असतो. तौलनिक साहित्याभ्यासाला हवे असलेले कौशल्य तेथे व्यवहारात आहे.

बहुभाषिक वस्तीत एखादी भाषा पूजाविधी, पंचांग आणि लग्नपत्रिका यांपुरती उरू शकते. तेवढ्याने ती मृत होत नाही. पण तिच्यातून चेष्टा करण्याची सवय सुटली, तर ती वापरणाऱ्याला नवे वाक्य रचण्याचे कारण उरत नाही. पहाटे ऑस्ट्रेलियातील पहिले षटक सुरू असताना आजोबा आणि नातू एकमेकांना कोणत्या भाषेत डिवचतात, हा त्या दृष्टीने वाङ्मयीन प्रश्न आहे. काशीच्या मराठीचे आजवरचे अध्ययन पोथ्या, बखरी आणि घराण्यांचे इतिहास यांच्या आधारे झाले. त्याच आस्थेने या संवादाचे ध्वनिमुद्रण व वर्गीकरण होणे आवश्यक आहे. ते करताना खेळाचा निकाल, बोलणाऱ्याचे वय, ऐकलेल्या वर्णनाची भाषा आणि उत्तराची भाषा या चार गोष्टी एकत्र नोंदवाव्या लागतील. त्यांतील एक जरी वगळली, तरी टोमण्याचा अर्थ हाती लागणार नाही.