शोरूमचा पडदा, चिंचोटीचा रस्ता

राष्ट्रीय महामार्ग 48 ला जुने चालक अजून ‘आठ नंबर’च म्हणतात. वसईची खाडी ओलांडून उत्तरेला निघालं की ससूनवघर, मालजीपाडा आणि मग चिंचोटी फाटा. इथे उजवीकडून भिवंडी-कामणचा रस्ता येऊन मिळतो आणि त्याच्याबरोबर गुजरातकडे निघालेले कंटेनर. पावसाळ्यात अलीकडच्या पट्ट्यात पाणी साचतं, सुट्टीच्या दिवशी धबधब्याकडे निघालेल्या दुचाक्या मनात येईल तिथे वळतात, आणि वालीव-सातिवलीच्या कारखान्यांची पाळी सुटली की उलट्या बाजूने येणारे वेगळेच. अशा ठिकाणी चालकाला डोळे खाली न्यायला कितीसा वेळ मिळतो? गाडीतल्या पडद्यांवर लिहिताना हा प्रश्न आधी विचारायला हवा. आपल्याकडची मोटारींची परीक्षणं मात्र सुरुवात करतात इंचांपासून: सव्वादहा इंची, सव्वाबारा इंची, एक की तीन.

इंच मोजण्याच्या या नादात एक गोष्ट निसटते. स्टिअरिंगमागचं मीटर आणि मधला पडदा ही दोन वेगळी माध्यमं आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पहिलं एकंदरीत सुधारलं आणि दुसरं बिघडलं, असं माझं मत आहे.

आधी मीटर. जुना काटा वाचावा लागत नाही, तो दिसतो. काटा सरळ उभा आहे की उजवीकडे झुकलाय, एवढं नजरेच्या कडेनेही कळतं. तो भराभर चढतोय हेही कळतं. आकडा तसा नाही. 78 चे 83 झाले हे कळायला तो आकडाच वाचावा लागतो. दुसरीकडे, मर्यादा 80 असताना आपण नेमके कितीवर आहोत हे आकडा जास्त चटकन सांगतो. म्हणून आजच्या डिजिटल मीटरांपैकी मला आवडतात ती मधे ठळक आकडा आणि भोवती चढता पट्टा ठेवणारी. दोघांचे गुण घ्यायचे आणि बाकी जागा मोकळी सोडायची, हे वाटतं तितकं सोपं काम नाही. कारण मोकळी जागा दिसली की कंपनीतल्या कुणाला तरी तिथे गाण्याचं नाव, हवामान किंवा टायरचा दाब दाखवावासा वाटतोच.

मीटर कुठे असावं यावरही आपल्याकडे प्रयोग झाले. 2009 मध्ये आलेल्या टाटा नॅनोत ते डॅशबोर्डच्या मधोमध होतं. पुढच्याच वर्षी आलेल्या टोयोटा इटिऑसमध्येही तसंच, आणि ही इटिऑस नंतर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. मधलं मीटर डाव्या आणि उजव्या, दोन्ही स्टिअरिंगना चालतं, खर्च वाचतो. पण नजर खाली जाण्याऐवजी तिरकी जाते आणि मागे बसलेलं गिऱ्हाईक आपला वेग आरामात वाचतं. (यातली दुसरी गोष्ट मी गुणांतच धरतो.) ती पद्धत मागे पडली, असं वाटत असतानाच 15 जुलै 2025 ला टेस्लाचं शोरूम वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं. तिथल्या मॉडेल वायमध्ये स्टिअरिंगमागे काहीच नाही. वेग मधल्या पडद्याच्या कोपऱ्यात, गिअरही पडद्यावर बोट सरकवून. स्वस्तातल्या नॅनोवर ज्या मांडणीमुळे नाकं मुरडली गेली, तिचंच महागड्या गाडीत ‘मिनिमलिझम’ म्हणून कौतुक होतं.

दिव्यांची भाषा मात्र मीटर कुठेही असलं तरी टिकून आहे. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे चालू आहे, निळा म्हणजे अप्पर. आपल्याकडे एआयएस-071 हे मानक त्यासाठी आहे. यातली काही चित्रं सुरेख आहेत. तेलाच्या किटलीतून पडणारा थेंब शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. टायरमधली हवा कमी झाल्याचं चिन्ह तेवढंच वाईट: घोड्याच्या नालेसारखा आकार, आत उद्गारचिन्ह. टायरचा आडवा छेद डोळ्यांपुढे आणू शकणारा इंजिनिअर सोडला तर ते कुणाला टायर वाटत नाही. डिजिटल पडद्यावर इथे गाडीचं चित्र काढून नेमकं कुठलं चाक ते लाल करून दाखवता येतं, आणि बऱ्याच गाड्या आता ते करतात. मीटर सुधारलं म्हणतो ते अशा ठिकाणी.

आता मधला पडदा. जुलैतली संध्याकाळ घ्या. बाहेर धो धो पाऊस, गाडीत चार माणसं, दोघं भिजून आलेली. समोरची काच आतून धूसर होत जाते. या क्षणी चालकाला हव्यात तीन गोष्टी: हवा काचेवर सोडणं, वायपरचा वेग वाढवणं आणि पुढे पाणी दिसलं तर मागच्याला सावध करायला चारही इंडिकेटर. तिन्ही गोष्टी न बघता हाताला सापडल्या पाहिजेत. गोल खटका असला की बोटं तो चाचपून शोधतात, फिरवतात, ‘टक’ असं जाणवलं की काम झालं. सपाट काचेवर चाचपायला काहीच नसतं. बोट नेमकं कुठे टेकलं हे डोळ्यांनीच बघावं लागतं आणि गाडी खड्ड्यात आपटली की ते शेजारच्या चौकोनावर पडतं.

स्वीडनच्या ‘वी बिलॅगारे’ या मोटार मासिकाने 2022 मध्ये हे मोजून दाखवलं. ताशी 110 किलोमीटरने गाडी चालवताना हवा, रेडिओ, दिवे वगैरेंची नेहमीची कामं करायला सांगितली. 2005 ची, खटक्यांची व्होल्वो घेतलेल्या चालकाने ती 10 सेकंदांत उरकली. त्या चाचणीतल्या सर्वांत वाईट नव्या गाडीत 44.6 सेकंद लागले. तेवढ्यात गाडी जवळजवळ 1.4 किलोमीटर पुढे गेली होती. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2013 मध्येच सांगून ठेवलं होतं की एका वेळी नजर 2 सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटू नये आणि पूर्ण कामाला अशा नजरा मिळून 12 सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत. आपल्या 80 च्या वेगाने 2 सेकंद म्हणजे 44 मीटर. चिंचोटी फाट्यावर 44 मीटरांत एक रिक्षा पूर्ण वळून जाते.

हा धडा मोटारींबाहेर अमेरिकन नौदलानेही घेतला, तोही महागात. 2017 मध्ये ‘जॉन मॅक्केन’ ही विनाशिका सिंगापूरजवळ टँकरला धडकली, 10 नौसैनिक गेले. चौकशीत स्पर्शपडद्यांवरच्या नियंत्रणांतला गोंधळ पुढे आला आणि 2019 मध्ये नौदलाने विनाशिकांवर पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवायचं ठरवलं. जर्मनीत 2020 मध्ये कार्ल्सरूहच्या न्यायालयाने टेस्लाच्या पडद्यावर वायपरचा वेग बदलताना अपघात केलेल्या चालकाची शिक्षा कायम केली. गाडीत बसवलेला पडदा आणि हातातला फोन यांत कोर्टाने फरक केला नाही. माझदाने 2019 च्या माझदा 3 मध्ये स्पर्शपडदा काढूनच टाकला. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांच्या खऱ्या खटक्यांना वजन दिलं आहे.

आपण उलट दिशेने चाललो आहोत, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. 2023 च्या नेक्सॉनमध्ये टाटांनी वातानुकूलनाच्या सपाट पॅनेलमध्येच वर-खाली करायचे दोन खटके ठेवले. म्हणजे शंका त्यांनाही होती. पण उरलेलं पॅनेल काळं चकचकीत. मुंबईकडे येताना दुपारनंतरचं ऊन उजव्या खिडकीतून त्यावर पडलं की आधी बोटांचे ठसे दिसतात, मग अक्षरं. महिंद्राच्या एक्सईव्ही 9ई मध्ये एका ओळीत तीन पडदे आहेत. दिसायला देखणं काम आहे. मात्र रात्री अंधाऱ्या महामार्गावर शेजारच्या सीटपुढचा उजेड चालकाच्या नजरेच्या कडेला काय करतो, हे एकाही परीक्षणात मी वाचलेलं नाही. परीक्षणासाठी गाड्या मिळतात त्या बहुधा दिवसा, कोरड्या रस्त्यावर. हे मोजू शकणारी माणसं नाहीत असंही नाही: पुण्यात वाहनं तपासणारी एआरएआय आहे, चाकणला कारखाने आहेत, गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या आहेत. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपही आलं. धडक झाली तर माणूस किती वाचेल हे ते उत्तम सांगतं. धडकेच्या आधीचे 2 सेकंद त्याच्या कक्षेत नाहीत.

आवाजाची गोष्ट निराळी. 1 जुलै 2019 नंतरच्या गाड्यांत एआयएस-145 मुळे 80 च्या वर गेलं की अधूनमधून आणि 120 च्या वर गेलं की सतत पिपाणी सक्तीची झाली. हेतू चांगला, पण मर्यादा 100 असलेल्या द्रुतगती मार्गावरही ती 80 लाच वाजणार आणि शाळेसमोर 60 ने जाणाऱ्याला काहीच म्हणणार नाही. जी सूचना परिस्थिती न बघता वाजते ती चार दिवसांत कानाला ऐकू येईनाशी होते. सीटच्या पट्ट्याच्या घंटेचं त्याहून वाईट झालं. लोकांनी पट्टा लावण्याऐवजी घंटा बंद करायची क्लिप विकत घेतली. 4 सप्टेंबर 2022 ला याच महामार्गावर उत्तरेला, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता, हे बाहेर आलं आणि त्यानंतरच त्या क्लिपांकडे सरकारचं लक्ष गेलं. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढून टाकायला लावल्या. मागच्या सीटची घंटा आता आली आहे. पण दहा-वीस रुपयांची पत्र्याची जीभ ज्या सूचनेला हरवते, तिच्या आखणीत कुठेतरी माणूस गृहीत धरायचा राहिला, असंच म्हणावं लागतं. नुसत्या पिपाणीऐवजी कोण बसलंय आणि कुणाचा पट्टा सुटलाय हे मीटरवर चित्राने दाखवणाऱ्या गाड्या त्यामानाने शहाण्या.

एडासबद्दल, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेबद्दल, थोडक्यातच, कारण ती कला अजून अंगणात रांगते आहे. मीटरवर आजूबाजूच्या गाड्यांची छोटी चित्रं फिरताना बघायला मजा येते. दुचाकी मधे घुसली की इशारा येतो, इथे तर दुचाकी सतत घुसतेच. वारंवार ओरडलं तर चालक ते बंद करतो आणि कमी ओरडलं तर कामाच्या वेळी गप्प राहण्याचा धोका. पडद्यावर दिसलेल्या गाड्या म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या, असा विश्वास मात्र त्या चित्रांनी नकळत तयार होतो आणि मला तोच सर्वांत घातक वाटतो.

एवढं सगळं लिहून झाल्यावर कबूल करायला हवं की रस्त्यावरचा खरा पडदा कंपनीने बसवलेला नाहीच. तो काचेला चिकटवलेला फोन आहे. टॅक्सीवाला त्यावर नकाशा, पुढचं भाडं आणि घरचा कॉल एकाच चौकोनात सांभाळतो. त्या फोनचं श्रेय नाकारता येत नाही: नकाशा मराठीत बोलतो, आणि पुलावर चढायचं की खालच्या सर्व्हिस रोडला लागायचं, हा आपला खास देशी घोळ ओळखून गुगलने जुलै 2024 मध्ये चाळीस शहरांसाठी उड्डाणपुलाची सूचना आणली. गाडीच्या कंपन्यांनी लाखो रुपयांच्या पडद्यावर सोडवलेला असा एखादा इथला प्रश्न मला पटकन आठवत नाही.

आणि ट्रक? भिवंडी-चिंचोटी रस्त्यावरचं निम्मं जग त्यांच्या काचेतून दिसतं, तरी त्यांच्या मीटरवर कुणी लिहीत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक आलं आणि ट्रकच्या डॅशबोर्डवर नवे दिवे आले. त्यातला एक एक्झॉस्टच्या द्रवाचा. ड्रायव्हर त्याला ‘युरिया’ म्हणतात. तो संपत आला की आधी दिवा लागतो, मग इंजिन ताकद कमी करतं. भरलेला कंटेनर चढावर रांगायला लागतो आणि मागे फाट्यापर्यंत रांग. काही मीटरांवर यासोबत इंग्रजीत एक ओळ येते. ती वाचणारा माणूस बलियाचा किंवा बारमेरचा असेल. तो ओळ बघतो, क्लीनरला फोनने तिचा फोटो काढायला सांगतो आणि तो फोटो मालकाला पाठवतो. मालकाचं उत्तर येईपर्यंत ट्रक तसाच रांगत असतो.