पाहुणा संगणक आणि न विचारलेले प्रश्न

औंढा नागनाथजवळच्या दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले सुमारे २,६०० कोटी रुपये, हे सारे वर्तमानपत्रांत येऊन गेले. पण वेधशाळेच्या नोंदी तपासायच्या म्हणजे नेमके काय करायचे, आणि गावातल्या विद्यार्थ्याला ते आजच करून पाहता येईल का? येईल. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी टिपलेल्या पहिल्या लहरीची नोंद कोणालाही उतरवून घेता येते. हे काम मुख्यत्वे लिनक्स प्रणालीवर चालते. पुण्याच्या आयुकातला ‘सारथी’ हा संगणकसंच याच कामासाठी वापरला जातो. शाळेतल्या संगणकावर मात्र बहुधा विंडोज असते, आणि ते काढून दुसरे काही घालण्याची कोणाची छाती होत नाही.

यावरची तोड म्हणजे आभासी संगणक. विंडोजमध्ये एक आज्ञावली चालवायची, आणि तिच्या खिडकीत दुसरा अख्खा संगणक भासवायचा. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकातच एका मोठ्या यंत्रावर प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतंत्र यंत्र असल्याचा भास करून दिला होता. आज शाळांना सहज मिळणारे साधन म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स. २००७ पासून त्याचा मूळ संच मुक्त परवान्याखाली मिळतो. (सोबतच्या ‘एक्स्टेंशन पॅक’चा परवाना निराळा आहे, तो वाचल्याशिवाय घेऊ नये. आपल्याला त्याची गरजही नाही.) खरा संगणक यजमान आणि आतला पाहुणा, अशी याची परिभाषा आहे, आणि ती मुलांना लगेच पटते.

हे साधन शिक्षकाच्या किती कामाचे, एवढेच आम्हांला इथे तपासायचे आहे.

नववीच्या काही मुलांबरोबर आम्ही उबुंटू बसवून पाहिले. एका पडद्यावर प्रश्न आला: डिस्क पूर्ण पुसून प्रणाली बसवायची का? माउस धरलेला हात थबकला. शाळेचा संगणक पुसला जाईल ही भीती खरीच होती. मग आम्ही खिडकी लहान करून यजमानाच्या फोल्डरमधली एक फाइल दाखवली. पाहुण्याची ‘डिस्क’ ती एवढीच! पाहुणा पुसणार तो ही फाइल. बाहेरच्या डिस्कचा त्याला पत्ताच नाही. डिस्क म्हणजे काय, विभाग म्हणजे काय, प्रणाली डिस्कवर ‘बसते’ म्हणजे कुठे बसते, यावर पुढचा पाऊण तास मुलेच बोलत होती. आमच्या मते या प्रयोगाचे सारे मोल या थबकण्यात आहे.

आणि आमची तक्रार नेमकी इथेच आहे. २०२२ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स उबुंटूसारख्या ओळखीच्या प्रणाली आपणहून बसवू पाहते. आयएसओ फाइल दाखवली की ती भाषा, डिस्क, वापरकर्ता यांतले काहीही पडद्यावर न विचारता काम उरकते. वापरकर्त्याचे नावसुद्धा तीच सुचवते: ‘व्हीबॉक्सयूजर’. शंभर यंत्रे उभी करणाऱ्या व्यवस्थापकाला ही सोय वाटेल. वर्गात मात्र हे गणिताचे उत्तर आधी फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे. त्यातही गंमत अशी, की अशा रीतीने बसलेल्या उबुंटूत या वापरकर्त्याला पुष्कळदा व्यवस्थापकाचे अधिकारच मिळत नाहीत, आणि नवी आज्ञावली घालायला जावे तर नकार येतो. प्रश्न टाळल्याची किंमत नंतर मोजावी लागते, ती अशी. ७.० मध्ये ‘स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ या चौकटीत खूण केली की सारे प्रश्न परत येतात. पुढच्या आवृत्त्यांत शब्दरचना बदललेली दिसेल. तेव्हा पडदा सावकाश वाचावा.

दुसरी अडचण स्मृतीची, आणि तिचा दोष व्हर्च्युअलबॉक्सला देता येणार नाही. यजमानाकडे जेवढी रॅम असेल त्यातूनच पाहुण्याला वाढायचे असते. ४ जीबीच्या संगणकावर आजचे उबुंटू चालवण्याचा हट्ट धरू नये. तिथे डेबियन किंवा लुबुंटू हलक्या रूपात बसवावे. प्रोसेसरमधली आभासीकरणाची सोय बायोसमध्ये बंद असेल तर ती सुरू करावी लागते. खिडकीच्या तळाशी कासवाचे चित्र दिसले तर विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्हीने ती सोय आधीच अडवली आहे असे समजावे. असे कासव पाहून मुले हसतात, शिक्षक मात्र तास संपेपर्यंत वाट पाहत बसतात.

यंत्र एकदा नीट चालू लागले की ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवावा, आणि मग मुलांना हवे ते मोडू द्यावे. आमच्या एका गटाने मुद्दाम प्रणालीच्या फाइली पुसल्या. यंत्र पुन्हा सुरू होईना, तेव्हा स्नॅपशॉटवर परत जाऊन त्यांनी दुसरी कुठली फाइल पुसावी यावर वाद घातला.

उबुंटूची आयएसओ फाइल घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सूचना. २४.०४ आवृत्तीची ही फाइल ४ जीबीहून बरीच मोठी आहे आणि फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ती मावत नाही, मग ड्राइव्ह ३२ जीबीचा का असेना. घरून निघण्यापूर्वी तो एक्सफॅट करून घ्यावा.