रामा शेट्टीनंतर काय?

मंडळी, सदाशिव अमरापूरकरांचं नाव निघालं की आपल्या नगर जिल्ह्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'आपला माणूस' हे पहिलं. 'हिंदीवाल्यांनी वाया घालवला' हे दुसरं. पहिल्याबद्दल वाद नाही. ते १९५० साली नगरला जन्मले, २०१४ साली अंत्यसंस्कारही नगरलाच झाले. दुसऱ्या वाक्याशी मात्र आम्ही थोडं भांडणार आहोत.

'अर्धसत्य' आठवा. १९८३. गोविंद निहलानींनी त्यांना 'हँड्स अप' या मराठी नाटकात पाहिलं होतं, त्यातून रामा शेट्टी त्यांच्याकडे आला. पडद्यावर हा शेट्टी फार वेळ नाही. ओम पुरींचा वेलणकर आतून धुमसतोय आणि समोरच्या या गृहस्थाला कसलीच घाई नाही. इन्स्पेक्टर एक ना एक दिवस आपल्या दारात येणार हे जणू त्याला ठाऊकच आहे. आणि शेवटी तो येतोच. सत्ता म्हणजे काय, यावर आम्ही वर्गात उभा जन्म बोललो. पण शांतपणे ऐकून घेणारा माणूस किती भयंकर असू शकतो, हे आम्हाला या भूमिकेनं दाखवलं.

फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. आणि मग? १९८७ च्या 'हुकूमत'मध्ये धर्मेंद्रसमोर खलनायक, पुढे बराच काळ तेच. निर्मात्यांना खलनायक तेवढा दिसला. ती शांतता कुणी मागितलीच नाही. आपण म्हणतो, बी चांगलं होतं, जमीन नापीक निघाली. जमीन नापीक नव्हती हो! राहुरीच्या माणसाला हे काय सांगायचं? पाणी आहे, भाव बरा आहे, की लाव ऊस. दरवर्षी ऊस. त्या रानात दुसरं काय आलं असतं, हे कळायची सोयच राहत नाही.

'सडक'मधली महाराणी (१९९१) आम्हाला जास्त अस्वस्थ करते. फिल्मफेअरनं खलभूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तो पहिला त्यांना याच भूमिकेसाठी मिळाला. अभिनय जबरदस्त, नजर हलत नाही. पण तो चित्रपट तृतीयपंथी माणसाला राक्षस करून टाकतो, आणि नट जितका ताकदीचा तितका तो राक्षस लोकांच्या मनात पक्का बसतो. टाळ्या वाजवताना आमच्याही हे ध्यानात आलं नव्हतं, कबूल करतो. इथे प्रतिभा कमी नाही पडली, नको तिथे पुरेपूर खर्च झाली.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारेल, दुसरं काही करण्याची क्षमता होती हे कशावरून? पुरावा आहे. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये ते जोतीराव फुले झाले. ज्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ तुमच्या राहुरीत आहे, तेच जोतीराव. त्याआधी '२२ जून १८९७' या चित्रपटात टिळक. टिळक आणि फुले एकाच नटानं! तेंडुलकरांचं 'कन्यादान' रंगमंचावर त्यांनीच बसवलं. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकरांनी 'दोघी'त, 'वास्तुपुरुष'मध्ये त्यांना घेतलं. असे चित्रपट बोटांवर मोजण्याइतके, आणि ते पाहायला आपण किती जण गेलो? 'आँखें'ला मात्र गेलो. शिवाय भूमिका स्वीकारणारे अखेर तेच होते; 'हिंदीवाल्यांनी' म्हणून सगळं त्यांच्या गळ्यात घालणं आम्हाला पटत नाही.

२०१३ च्या 'बॉम्बे टॉकीज'मध्ये दिबाकर बॅनर्जींचा एक लघुपट आहे, सत्यजित राय यांच्या कथेवरचा. नवाजुद्दीन सिद्दीकी त्यात फसलेला नट, आणि अमरापूरकर त्याचे दिवंगत नाट्यगुरू. हे गुरू अचानक प्रकटतात आणि शिष्याला चांगलं सुनावतात. मोजकीच मिनिटं. आम्ही तो दोनदा पाहिला. दुसऱ्या खेपेला नवाजुद्दीनकडे आमचं लक्षच गेलं नाही.