उत्तर बरोबर, समज चूक

हे गणित आपण सर्वांनीच वर्गात घातले आहे : एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती उंच जाईल? (गुरुत्व त्वरण १० धरा.) मुले सूत्र लिहितात, किमती घालतात आणि २० मीटर हे उत्तर काढतात. पूर्ण गुण! आता त्याच मुलांना विचारून पाहा, की चेंडू अगदी वरच्या टोकाला असताना त्याच्यावर बल किती? बरीच मुले म्हणतील, "शून्य. तो थांबलाय ना!" गंमत अशी, की गणितात त्यांनी शेवटपर्यंत त्वरण १०च धरलेले असते. बल शून्य असेल तर हे त्वरण आले कुठून, हे गणिताने त्यांना कधी विचारलेच नाही.

ते विचारणारी एक चाचणी १९९२ साली अमेरिकेतील 'द फिजिक्स टीचर' या मासिकात प्रसिद्ध झाली. नाव 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी', म्हणजे बलाविषयीच्या कल्पनांची झडती. डेव्हिड हेस्टेनेस, माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर या तीन कर्त्यांपैकी शेवटचे दोघे शाळेत शिकवणारे शिक्षक होते, आणि ते जाणवते. १९९५ च्या सुधारित आवृत्तीत ३० प्रश्न आहेत. त्यांत आकडेमोड नाही. ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर आदळली, तर कोण कोणावर जास्त बल लावते? असे साधे प्रश्न. सूत्राला धरायला जागाच नाही.

चाचणीचे खरे बळ तिच्या चुकीच्या पर्यायांत आहे. ते विद्यार्थ्यांच्याच समजुतींतून घेतले आहेत. 'हाताने दिलेले बल चेंडूत उरते आणि हळूहळू संपते' ही समजूत मठ्ठपणाची नव्हे. हातगाडी ढकलणे थांबवले की ती थांबते, हे मुलाने रोज पाहिलेले असते. तिला थांबवणारे घर्षण मात्र दिसत नाही.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. त्यांत मुख्यतः या चाचणीचा वापर झाला होता. जेवढी सुधारणा शक्य होती, तिच्यापैकी नेहमीच्या व्याख्यान पद्धतीत सरासरी २३ टक्केच साधली; मुलांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. हे वाचून आपण अस्वस्थ व्हायला हवे.

तरीही चाचणीची मर्यादा सांगितली पाहिजे. पाच पर्यायांतून एकावर खूण करायची असल्याने मूल तिथे का पोचले, हे कळत नाही. गुणांसाठी वापरली, तर 'दोन्ही बले सारखीच' हेही एक पाठ करायचे सूत्र होईल. मग मोटारीचाच चुराडा का होतो? इथे आकडेच मदतीला येतात. ट्रक १०,००० किलोचा आणि मोटार १,००० किलोची असेल, तर सारख्याच बलाने मोटारीला दहापट त्वरण मिळते. चाचणीत आकडे नाहीत म्हणून ते टाकाऊ ठरत नाहीत. त्यांना समजुतीची जोड हवी एवढेच.

ती जोड द्यायला छापील चाचणीचीही गरज नाही. गणितात सूत्र लिहिण्याआधी वस्तूचे चित्र काढायला सांगावे, प्रत्येक बलासाठी बाण काढायला लावावा आणि प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारावा : हे बल कोण लावतेय? हवेचा विरोध सोडला, तर हातातून सुटलेल्या चेंडूपाशी उत्तर एकच उरते : पृथ्वी. वरच्या टोकालाही तेच. 'हाताचे बल' असा बाण काढणारे मूल इथे अडखळते; हात तर केव्हाच मागे राहिला!

चार गणिते कमी होतील, हे खरे. पण २० मीटर या उत्तराला आपण दिलेले गुण नेमके कशाचे होते, हे त्या बाणांवरून कळेल.